आधी नळ, मग ग्रंथ

छत्रपती संभाजीनगरात आलेला पाहुणा पाणचक्की पाहिल्याशिवाय जात नाही. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून आलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात कोसळते, त्याच्या जोरावर जाते फिरते, फोटो निघतात. याच आवारात एके काळी मोठे ग्रंथालय होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हा परिसर बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींच्या दर्ग्याचा. इथे लाखभर ग्रंथ होते म्हणतात. आकडा सांगोवांगीचा म्हणून सोडून देऊ. पण मांडणी पाहण्याजोगी आहे. जाते, लंगर आणि ग्रंथ, सारे एका आवारात. पाण्यावर दळलेल्या पिठाची रोटी फकिरांच्या, वाटसरूंच्या आणि विद्यार्थ्यांच्या पोटात जाई. नळाला पाणी होते तोवर दळणासाठी कुणापुढे हात पसरायला नको होता. पुढे निजामाची राजधानी हैदराबादला गेली, शहराची रया गेली आणि ग्रंथही पांगले. जाते तेवढे राहिले.

आजच्या सार्वजनिक ग्रंथालयांना असा नळच नाही. देशातला पहिला ग्रंथालय कायदा 1945 मध्ये कोल्हापूर संस्थानाने केला. मद्रास प्रांताने (आजच्या तमिळनाडूने) 1948च्या, तर कर्नाटकाने 1965च्या कायद्यात मालमत्ता कराला जोडून ग्रंथालय उपकर ठेवला. महाराष्ट्राच्या 1967च्या कायद्याने मात्र तो टाळला. त्यामुळे अ, ब, क, ड वर्गांतली ग्रंथालये सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसतात. पुस्तके, वीजबिल आणि सेवकांचे वेतन, सगळे त्यातच भागवायचे. हप्ता लांबला की पहिली कात्री नव्या पुस्तकांना लागते, दुसरी ग्रंथपालाच्या पगाराला.

घरपट्टीच्या पावतीवर शिक्षण कर असतो, वृक्ष कर असतो, रोजगार हमी करही असतो. तिथे ग्रंथालयाचा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे? रक्कम लहान असली तरी चालेल. ती दरवर्षी, न मागता यावी आणि ग्रंथालयावरच खर्च व्हावी. ग्रंथालयाच्या नव्या इमारतीच्या कोनशिलेसाठी आपल्याकडे मंत्री मिळतात. त्या इमारतीत दहा वर्षांनी पुस्तके कुठल्या पैशाने येणार, हे कोनशिला बसवण्याआधी विचारायला हवे. पाणचक्कीला हा प्रश्न पडला नाही. तिचा नळ हर्सूलपासूनच घातलेला होता.