उपकार कुणाचे, पैसा कुणाचा?



गरिबाला कॅन्सर झाला की दोन ओझी येतात. एक रोगाचं, दुसरं उपकाराचं. पहिलं डॉक्टर उतरवतो. दुसरं आपल्यालाच फेकून द्यावं लागतं.

दोंडाईचाच्या बाजारात मिरचीचे लाल ढीग सगळ्यांना दिसतात. देठं खुडणाऱ्या बाया कुणाला दिसत नाहीत. माझी माय त्यातलीच. दिवसभर ठसका, हातांची आग, आणि वर मिसरीची सवय. गालात आतून गाठ आली. एका खासगी दवाखान्यानं साडेचार लाखांचा आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. घर विकूनही तेवढे आले नसते. माय म्हणाली, "मनासाठे घर इकू नको."

केशरी रेशनकार्ड घेऊन परळला टाटात गेलो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं, मग तीस वेळा किरणांचा शेक. आज माय भाकर खाते. त्या वॉर्डातल्या नर्सबाई, सफाई कामगार, रात्री दोनला उठून येणारा पोरगेला डॉक्टर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतली माणसं, या सगळ्यांचं ऋण मी मरेपर्यंत मानीन.

पण गावी परतलो तर एक पुढारी दारात हजर. "साहेबांचे उपकार विसरू नका." सोबत फोटोवालाही होता. मायनं विचारलं, "हाऊ पैसा कोना शे रे भाऊ?" त्याला उत्तर देता आलं नाही.

उत्तर जुनं आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतिबांनी मांडलं होतं की सरकारची तिजोरी रयतेच्या घामानं भरते आणि तिचा फायदा वरचे लोक लाटतात. ज्यांचं नाव योजनेला दिलंय त्यांचं हे म्हणणं! १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामकरी बाईच्या बाळंतपणाच्या बिलावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितलं की हा भार मुख्यतः सरकारनं उचलावा, कारण त्यात सगळ्या समाजाचं हित आहे. जनतेचं आरोग्य सुधारणं राज्याचं कर्तव्य, असं घटनेचं ४७ वं कलम म्हणतं. कर्तव्य म्हणतं, मेहेरबानी नाही.

टाटा हॉस्पिटल १९४१ साली ट्रस्टच्या दानातून उभं राहिलं. ते मोठंच काम. पण १९५७ साली ते केंद्र सरकारकडे आलं आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. म्हणजे लोकांच्या पैशाचा आधार. माझी माय इन्कम टॅक्स भरत नाही, पण साबणाच्या वडीवर, मोबाईलच्या रिचार्जवर कर भरते. तो पैसा कुठं जातो?

२ जुलै २०१२ ला ही योजना दुसऱ्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. धुळं त्यात होतं. तेव्हा मर्यादा होती कुटुंबाला वर्षाला दीड लाख. २०२३ साली ती पाच लाख करायचं ठरलं. चांगलं झालं. पण योजना हॉस्पिटलचं बिल भरते. सोबतच्या माणसाचा दोन महिन्यांचा बुडालेला रोज भरत नाही. साडेतीनशे किलोमीटरवरून येऊन परळच्या फुटपाथवर पथारी टाकणाऱ्यांना छप्पर देत नाही. आणि कुणाच्या कागदात एक खोट निघाली की गाठ थांबत नाही, वाढतच जाते.

म्हणून भावांनो, बहिणींनो, फोटोला उभे राहू नका. वस्तीत कुणाच्या तोंडात न भरणारी जखम दिसली, तर त्याला हाताला धरून सरकारी दवाखान्यात न्या. कार्ड, आधार तयार ठेवा. शेकाचं मशीन प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मागा. सोबत्याला रोज मागा.

आभार जरूर मानू, पण ज्यांनी हात लावला त्यांचे. बाकीच्यांकडे हिशेब मागू.