‘आपला माणूस’ म्हणून दिलेला ठेका

माझे वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यात आली तेव्हा घरात दोन रात्री कुणाला नीट झोप नव्हती. आमच्या घराण्यात एवढे पैसे एका वेळी कुणी पाहिलेच नव्हते. सोलापूर जिल्ह्यात, आमच्या तालुक्याच्या गावी, दीड गुंठ्याचा प्लॉट आधीच घेऊन ठेवला होता. त्यावर 600 फुटांचं आरसीसी घर बांधायचं ठरलं. ठेकेदार वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्याने आणला. त्याच्या कार्डावर छापलं होतं, ‘शासकीय परवानाधारक ठेकेदार’. वडिलांनी ते कार्ड पाकिटात जपून ठेवलं. अजूनही आहे.

करार झाला तो चहा पिताना. मटेरियलसकट स्क्वेअर फुटाचा रेट, आणि ‘पैशाचं काय, आपली माणसं आहोत’. पाया होईपर्यंत सगळं ठीक होतं. स्लॅबच्या वेळी त्याने प्लास्टरचाही हप्ता आधी मागितला, सिमेंट महाग होणार म्हणून. वडिलांनी रोख दिला. पाचव्या दिवशी त्याची माणसं स्लॅबखालचे टेकू आणि सेंट्रिंगच्या प्लेटा काढून घेऊन गेली, कारण दुसऱ्या साइटवर त्या हव्या होत्या. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखाली टेकू किमान 7 दिवस राहायला हवेत आणि तितकेच दिवस पाणीही मारत राहायला हवं. हे मला नंतर कळलं. पहिल्याच पावसाळ्यात मधली खोली गळू लागली. ठेकेदार फोन उचलेना. भांडायला गेलो तर हातात ना पावती ना कागद, फक्त ते कार्ड.

आता त्या कार्डाबद्दल. महाराष्ट्रात तुमचं-माझं घर बांधणाऱ्या ठेकेदाराला ‘घर बांधण्याचा परवाना’ असा लागतच नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेकेदारांची वर्गवार नोंदणी असते, पण ती सरकारी कामांच्या निविदा भरण्यासाठी. रेरा बिल्डरांसाठी आहे आणि तोही 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या आणि 8 पेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पांना लागू होतो. आर्किटेक्टची नोंदणी 1972 च्या कायद्याने होते. नकाशावर सही-शिक्का मारणारा परवानाधारक इंजिनिअर वेगळा, आणि त्या शिक्क्याचा अर्थ तो तुमच्या साइटवर उभा राहून सळई मोजतो आहे असा होत नाही. आपले लोक इथेच फसतात. शिक्का इंजिनिअरचा, नोंदणी सरकारी कामाची, जीएसटी नंबर कराचा, आणि आपण ते सगळं एकत्र करून त्याला ‘लायसन्स’ समजतो.

कॉलेजची एक मैत्रीण कॅलिफोर्नियात असते. तिने स्वयंपाकघर नव्याने करून घेतलं तेव्हा फोनवर सगळी हकिगत सांगितली. तिथे ठेकेदारांना परवाना देणारं राज्याचं मंडळ 1929 पासून आहे. ठेकेदाराने दिलेला नंबर वेबसाइटवर टाकला की परवाना चालू आहे का, कारवाई झाली आहे का, ते दिसतं. घराच्या दुरुस्तीचा करार लेखी लागतो. आणि सुरुवातीला घ्यायची आगाऊ रक्कम कामाच्या 10 टक्के किंवा 1000 डॉलर, यांपैकी जी कमी असेल त्याच्या वर घेता येत नाही. मी ऐकत होते आणि डोळ्यांसमोर वडिलांचे हप्ते येत होते. तिथे सगळं आलबेल आहे असं मला म्हणायचं नाही. विनापरवाना, रोखीवर राबणारे मजूर तिथेही आहेतच. पण निदान घरमालकाने नंबर मागितला तर कुणाला तो अपमान वाटत नाही.

आपल्याकडे वाटतो. ‘कागद कशाला? विश्वास नाही का?’ हा प्रश्न ठेकेदार विचारतो आणि आपण ओशाळतो. का ओशाळतो, यावर मी बराच विचार केला. ज्यांच्या घरात चार पिढ्या वकील, तलाठी, इंजिनिअर आहेत त्यांना कागद मागताना लाज वाटत नाही. त्यांचा विश्वासही कागदावरच उभा असतो, आणि काही बिनसलं तर फोन करायला मामा असतो. आपल्याकडे तो मामा नाही. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात, आणि एमएला असताना मी त्यावर छान उत्तरं लिहिली होती. घराच्या वेळी मात्र ते भांडवल आपल्याकडे नाही हे विसरून, आहे असं समजून वागलो. ज्याच्याकडे ओळखी नाहीत त्यालाच कागदाची गरज सर्वात जास्त असते.

आणि हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला हवं का? महार वतन आठवा. आपल्या आज्या-पणज्यांची पिळवणूक झाली ती कामाला माप नव्हतं म्हणून. काम किती तास, कोणतं, कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला किती आणि देणार कोण, यातलं काहीही पक्कं नव्हतं. बलुतं द्यायचं की नाही ते देणाऱ्याच्या मर्जीवर. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती मागणारं बिल मांडलं, त्याच्या मुळाशी हेच दुखणं होतं. सरकारने आणि गावाने चांगुलपणाने वागावं अशी विनंती त्यांनी केली नाही. काम आणि मोबदला ठरवून टाका, असं म्हटलं. वतन 1958 च्या कायद्याने गेलं, पण ‘तोंडी सांगितलं म्हणजे झालं’ ही सवय आपल्यात राहिली.

इथे काही जण म्हणतील, ठेका आपल्याच समाजातल्या पोरांना द्यावा. द्यावाच. डिप्लोमा करून ठेकेदारीत उतरलेली आपली मुलं मी ओळखते. पण त्यांचंही दुखणं हेच आहे. शेवटचा हप्ता घरमालक बुडवतो, काम वाढवून घेतो आणि वर ‘तू तर आपला’ म्हणतो. लेखी करार त्या मुलालाही वाचवतो. जात एक असली म्हणून हिशेब आपोआप सरळ होत नाही.

आमच्या घरात आणखी एक गोष्ट घडली, ती लिहिताना जड जातंय. पहाडावरून घसरून एक बाई पडली. मातंग वस्तीतली, विटा वर देणारी. मनगट मोडलं. ठेकेदार म्हणाला, ती माझी नाही, मुकादमाने आणली. मुकादम म्हणाला, मी तर नुसता माणसं पुरवतो. वडिलांनी दवाखान्याचा निम्मा खर्च दिला आणि ‘आपण तरी दिला’ असं समाधान मानलं. त्या वेळी मी अड्ड्यावरच्या मजुरांमध्ये काम करत होते आणि आमच्याच घरावर बिगारी बाईला रोज किती मिळतो हे मी विचारलेलं नव्हतं. आम्ही फक्त रेट पाडला होता. तो पाडलेला रेट कुणाच्या मजुरीतून निघाला, हे सांगायला समाजशास्त्र लागत नाही.

बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा केला तेव्हाच, 10 लाखांपर्यंत खर्चाचं स्वतःचं राहतं घर बांधणाऱ्याला त्यातून वगळलं होतं. म्हणजे लहान घरांवर राबणारे सर्वात उघडे. आणि राज्याच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो देत नाही. मग बायका ग्रामसेवकाच्या दारात चकरा मारतात. ज्या हातांनी आपल्या भिंती उभ्या राहिल्या त्यांना एक सही मिळवून देणं एवढं तर घरमालक ठेक्याच्या अटीत लिहू शकतो.

काय लिहायचं, असं मला विचारलं जातं. फार अवघड नाही. कामाचा तपशील: सळई कुठे किती मिलिमीटरची, सिमेंट कोणतं, स्लॅबला मिश्रण कोणतं. हप्ते तारखेवर नाही, झालेल्या कामावर: प्लिंथ झाली की एक, स्लॅबचे टेकू निघाले की एक. शेवटची काही रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत रोखून धरायची. जादा काम लेखी सांगितल्याशिवाय धरायचं नाही. मजुरांची नावं असलेलं हजेरीपुस्तक साइटवर ठेवायचं. पैसे बँकेतूनच द्यायचे, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही ‘सेवा’ धरलेली आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. आमच्याकडे हा रस्ता होता, पण पैसे दिल्याचा पुरावा नव्हता.

यंदा वरची खोली काढायची आहे. नवा ठेकेदार आला तेव्हा वडिलांनी आधी वही पुढे केली. त्याने सगळ्या अटी वाचल्या, हप्त्यांना हो म्हणाला, सळईला हो म्हणाला. हजेरीपुस्तक आणि 90 दिवसांच्या दाखल्याशी येऊन थांबला. ‘काका, एवढं कुणी करत नाही,’ म्हणाला. वडिलांनी वही मिटून ठेवली आणि इसाराचे पैसे दिले नाहीत. काम अजून सुरू झालेलं नाही.