फॉरमॅट मारायच्या आधी परतीची वाट ठेवा!

मंडळी, आज राजकारण नाही. पण विषय सार्वजनिकच आहे. पतसंस्थेतलं तुमचं ठेवखातं, पोराचा शाळेचा दाखला, पाणीपट्टीची नोंद ज्या जुन्या कॉम्प्युटरवर होते, त्याच्याबद्दल बोलायचंय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. २०१५ साली आलेली ही सिस्टीम आजही आपल्याकडे कितीतरी टेबलांवर चालू आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा. म्हणजे दहा वर्षांपूर्वी घेतलेलं मशीन ठणठणीत असलं तरी कंपनीच्या लेखी बाद.

यावर आपल्याकडे दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" दुसरा म्हणतो, "आणा इकडं, तासाभरात फॉरमॅट मारून देतो." माझं स्पष्ट मत आहे, दोघेही आपल्याला खड्ड्यात घालणार.

पहिल्या पंथाला मे २०१७ ची आठवण करून देतो. वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं! ज्यांनी ते टाकलं नव्हतं, ते अडकले. सपोर्ट संपलेल्या मशीनला तर असं अपडेट सहसा येत नाही.

दुसऱ्या पंथाचा प्रसाद मी स्वतः खाल्लाय. आमच्या साप्ताहिकाचा कॉम्प्युटर असाच एकाने "नवा करून" दिला. त्याने विचारलं, "डेटा कुठंय?" मी म्हटलं, "डी ड्राइव्हला." त्याने डी ड्राइव्ह सांभाळला, पण डेस्कटॉपवरची सहा वर्षांच्या अंकांची पानं गेली. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो, हे मला माहीत नव्हतं आणि त्याने विचारलं नाही. चूक त्याची होती तेवढीच माझी. माझी फक्त पानं गेली. तिथं एखाद्या संस्थेच्या कर्जखात्याच्या नोंदी असत्या तर?

अपग्रेड करणं धोक्याचं नाही. परत फिरायची वाट न ठेवता करणं धोक्याचं आहे. आणि ती वाट ठेवायला इंजिनिअर लागत नाही.

१) जुन्या डिस्कला हातच लावू नका. नवी एसएसडी घ्या आणि नवी सिस्टीम तिच्यावर टाका. जुनी डिस्क काढून, नाव-तारीख लिहून कपाटात ठेवा. काही बिघडलं तर ती परत जोडली की मशीन कालच्यासारखं सुरू. खर्च? नव्या कॉम्प्युटरच्या मानाने किरकोळ.

२) त्याआधी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर दोन-चार फाइली उघडून बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसतं समाधान.

३) बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. नाहीतर जुनी डिस्क हातात असूनही कुलूपबंद.

४) प्रिंटर, स्कॅनर, हिशेबाचं सॉफ्टवेअर, जुने मराठी फॉन्ट नव्या सिस्टीमवर चालतात का, आधी विचारा. आपल्याकडची अर्धी रडारड फॉन्टवरूनच होते.

५) आहे त्याच डिस्कवर अपग्रेड केलंत, तर मागे जायला साधारण दहाच दिवस मिळतात. त्या दहा दिवसांत "जागा होत नाही" म्हणून जुन्या फाइली उडवू नका.

मशीन विंडोज ११ घेतच नसेल तर लगेच भंगारात काढू नका. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, डिस्कला धक्का न लावता. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतात. सगळ्यांना जमेल असं मी म्हणत नाही. विंडोजसाठीच बनलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर तिथं अडेल. पण पत्रं टाइप करणं, इंटरनेट आणि प्रिंट एवढंच काम असेल, तर नव्या खरेदीचा प्रस्ताव कशासाठी?

आता मुद्द्याचं. घरचा कॉम्प्युटर तुमचा, निर्णय तुमचा. पण पंचायत, शाळा, पतसंस्था इथला डेटा आपला आहे. येत्या ग्रामसभेत, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत तीनच प्रश्न विचारा: आपल्या मशीनवर कोणती सिस्टीम आहे? शेवटचा बॅकअप कधी घेतला? तो उघडून कोणी बघितला?

उत्तर "आमचा कॉम्प्युटरवाला बघतो" असं आलं, तर समजा की कोणीच बघत नाही. तिसरा प्रश्न सोडू नका, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

तुमच्या संस्थेत काय उत्तर मिळालं, कमेंटमध्ये सांगा. संस्थेचं नाव नको, उत्तर पुरे.