खांडी आमच्या, उधळपट्टी कोणाची?

पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आले की अलिबाग-पेणच्या खारेपाटातला शेतकरी बांधावर जाऊन उभा राहतो. पाणी माथ्याला टेकू लागले की त्याच्या पोटात गोळा येतो. एकदा का बांधाला खांड गेली की त्या सालचे भात तर गेलेच, पण खारे पाणी जमिनीत मुरल्यावर पुढची दोन-तीन वर्षेही हाती काही लागत नाही. अशा माणसाला जर कोणी विचारले की पर्यावरणासाठी श्रीमंत देशांनी आपला उपभोग कमी करावा की नाही, तर तो म्हणेल, साहेब, आधी ही खांड बुजवू या, मग अमेरिकेचे बघू.

त्याचे म्हणणे चूक नाही. पण खांडीचा आणि अमेरिकेचा संबंध आहे, तो समजून घ्यायला हवा. कोळसा, पेट्रोल, गॅस जाळून जो कर्बवायू हवेत जातो त्याने पृथ्वी तापते. त्यातली बहुतेक उष्णता समुद्र पोटात घेतो. तापलेले पाणी फुगते, बर्फ वितळते आणि पातळी चढते. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर वाढली. वीतभर पाण्याने काय होते, असे मंत्रालयात बसून म्हणता येईल. बांधाचा माथा आणि उधाणाचे पाणी यांच्यात कित्येकदा वीतभरच अंतर उरलेले असते!

प्रत्येक खांड समुद्राच्या माथी मारावी असेही नाही. रखडलेली दुरुस्ती, नादुरुस्त उघडी, खाडीतला वाळूउपसा, बार्जेसच्या लाटा ही कारणे आपल्या घरचीच आहेत. पूर्वी गावकी एकत्र येऊन बांध घालत असे. १९४८ च्या आणि पुढे १९७९ च्या खारजमीन कायद्याने सरकार त्यात आले आणि गावाचा हात सैल पडला. पण घरचा बांध कच्चा असताना बाहेरचे पाणी चढत असेल, तर ते चढवणाऱ्याला जाब विचारायचा नाही काय?

दक्षिणेकडची गोष्ट याहून वाईट. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या जिल्ह्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या दुपारच्या दोन-तीन तासांत आडव्या झाल्या. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. सरकारने फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. ऐकायला आकडा मोठा, पण आमच्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या! गुंठ्याला पडले ५०० रुपये. दहा गुंठेवाल्याच्या हाती पाच हजार, त्यात पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याची मजुरीही सुटायची नाही. ओरड झाली, तेव्हा पुढे झाडामागे भरपाई मोजायचे ठरले. दुसऱ्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. एकेका वादळाचे खापर कोणा एका देशावर फोडता येणार नाही. परंतु अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यात जोरदार वादळे वाढली आहेत, हे पुण्याच्या हवामान संस्थेतले शास्त्रज्ञच सांगतात.

आता हिशेब बघा. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कर्बवायू सोडला जातो, आपल्याकडे सुमारे दोन टन. आजवर जगाने सोडलेल्या कर्बवायूतला जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, भारताचा तीन-चार टक्के. आज चीन सर्वांत पुढे आहे आणि देश म्हणून आपणही तिसऱ्या नंबरावर आहोत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण हवेत साचलेला वायू लवकर जात नाही. जुनी उधारी तशीच आहे आणि तिच्यावर व्याज चढते आहे.

ही उधारी त्यांनी तोंडाने मान्यही केली आहे. १९९२ साली रिओच्या परिषदेत जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, हे तत्त्व ठरले. २००९ मध्ये कोपनहेगनला गरीब देशांना २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करून द्यायचा शब्द दिला गेला. तो पुरा झाला २०२२ मध्ये, आणि त्यातही बराचसा भाग कर्जाचा. नुकसानभरपाईचा निधी २०२२ साली मान्य झाला, पुढच्या वर्षी दुबईत त्यात सुमारे ७० कोटी डॉलरचे आकडे पडले. साऱ्या जगासाठी एवढेच! अमेरिकेने तर जानेवारी २०२५ मध्ये पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याची घोषणा केली. बुडवणाऱ्या कर्जदाराची ही रीत आपल्याकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला चांगली ठाऊक आहे.

आणि पर्यावरण राखतो कोण? खांड वेळेवर बुजली नाही की शेतात खारे पाणी येते, चार-पाच वर्षांत तिवरे उगवतात. मग २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे तिवर तोडता येत नाही. सातबारा शेतकऱ्याचा, जमिनीवर कांदळवन, पीक शून्य. तिवरे किनारा राखतात, कर्बवायू शोषतात, ती राहावीत याबद्दल आमचे दुमत नाही. पण जगाचा धूर शोषायला ज्याची जमीन गेली त्याला मोबदला नको? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

काही म्हणतील, त्यांनी खरेदी कमी केली तर उरणच्या बंदरात कंटेनर कोण उतरवणार, आपला हापूस कोण घेणार? शंका रास्त आहे. पण कोणी त्यांना उपाशी राहा म्हणत नाही. माणसामागे गाडी, रिकाम्या खोलीत चालू वातानुकूलन, न खाता फेकलेले अन्न, एवढे आवरले तरी पुष्कळ झाले.

मात्र हे सांगताना मांडव्याकडेही नजर टाकू. रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईची गाडी थेट अलिबाग तालुक्यात उतरते. शनिवार-रविवारपुरत्या उघडणाऱ्या बंगल्यांत पोहण्याचे तलाव भरलेले, आणि शेजारच्या गावात उन्हाळ्यात हंडे टँकरची वाट बघत. किहीमचा एक गाजलेला बंगला किनारा नियमांच्या भंगासाठी २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला. आपल्यातल्या अमेरिकेला ग्रामपंचायत दाखला देते आणि बाहेरच्या अमेरिकेला आपण शिव्या देतो, हे शोभत नाही.

दिल्लीने परिषदांत भांडावेच. पण भांडायला कागद लागतो, आणि तो गावातूनच जायचा आहे. तलाठ्याचा आता ग्राम महसूल अधिकारी झाला, पण कोणत्या बांधाला कोणत्या साली खांड गेली, किती एकरांत तिवर उगवले, कोणाची विहीर खारट झाली याची एकत्र नोंद किती गावांत सापडेल? येत्या १ मेच्या ग्रामसभेत हा एक विषय घ्यावा. गट नंबर, क्षेत्र, साल आणि खातेदाराची सही एवढे पुरे आहे. एक प्रत पेणच्या खारभूमी कार्यालयाला द्यावी, एक जिल्हाधिकाऱ्यांना, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.