विश्लेषण : पदवीला गुण कमी, तरी लेखा क्षेत्रात पुढे जाता येते का?

बी.कॉम.ला ४८ टक्के, मधल्या सत्रांत एक-दोन एटीकेटी, पदवी हातात आली पण कॅम्पस मुलाखतीच्या यादीत नाव नाही. दरवर्षी निकाल लागले की राज्यातल्या अनेक वाणिज्य पदवीधरांच्या घरात हीच चर्चा सुरू होते. ‘आता अकाउंट्समध्ये काही होणार नाही’ असे ठरवून कुणी वेगळ्याच कामाकडे वळते, तर कुणी महागड्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन मोकळे होते. प्रत्यक्षात या क्षेत्रात पदवीचे गुण काही ठरावीक ठिकाणीच आड येतात. ती ठिकाणे कोणती, आणि त्यांना वळसा घालणारे रस्ते कोणते?

गुणांची अट नेमकी कुठे आडवी येते?

पहिली जागा म्हणजे कॅम्पस भरती. अर्जांची संख्या मोठी असल्याने अनेक मोठ्या कंपन्या दहावी, बारावी आणि पदवीला सलग ६० टक्के अशी चाळणी लावतात. त्या चाळणीत अडकलेल्या उमेदवाराचे काम कुणी पाहतही नाही. दुसरी जागा एमबीएची. राज्याच्या सीईटीतून प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गात पदवीला किमान ५० टक्के लागतात. तिसरी जागा सनदी लेखापाल म्हणजे सीए अभ्यासक्रमाच्या थेट प्रवेशाची. वाणिज्य पदवीधराला किमान ५५ टक्के, तर इतर शाखांच्या पदवीधराला ६० टक्के असतील तरच फाउंडेशनची पायरी वगळून इंटरमीजिएटला नाव नोंदवता येते.

या तीन दारांबाहेर परिस्थिती बरीच वेगळी आहे. करसल्लागाराचे कार्यालय, मध्यम आकाराचा कारखाना, रुग्णालय, बांधकाम व्यावसायिक किंवा वितरक यांना लेखनिक हवा असतो तेव्हा पहिला प्रश्न ‘टॅली येते का, जीएसटी रिटर्न भरले आहे का’ हाच असतो. गुणपत्रिका नंतर, केवळ कागदपत्रांसाठी मागितली जाते.

५५ टक्के नसतील तर सीएचा रस्ता बंद होतो का?

नाही, लांबतो. सीए फाउंडेशनला बारावी उत्तीर्ण एवढीच पात्रता आहे आणि बारावीच्या टक्क्यांची अट नाही. त्यामुळे ५५ टक्क्यांखालचा पदवीधरही फाउंडेशन देऊन इंटरमीजिएटला पोहोचू शकतो. आणखी दोन वाटा आहेत. थेट प्रवेशाची ५५ टक्क्यांची अट पदवी किंवा पदव्युत्तर पदवी यांपैकी कशावरही पूर्ण करता येते, म्हणजे एम.कॉम.ला तेवढे गुण मिळवले तर बी.कॉम.चे कमी गुण आड येत नाहीत. कॉस्ट अकाउंटंट किंवा कंपनी सेक्रेटरी अभ्यासक्रमाची इंटरमीजिएट पातळी उत्तीर्ण झालेल्यांनाही थेट प्रवेश मिळतो.

पुढे मात्र सूट नाही. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात ४० आणि गटाच्या एकूण गुणांत ५० टक्के लागतात. सगळ्या विषयांत ४५ गुण मिळवणारा नापास होतो आणि बाकीच्या विषयांत सत्तरी गाठून एका विषयात ३८ वर अडकणाराही नापासच होतो. गटातील सर्व पेपर देऊनही गट निसटला, पण एखाद्या विषयात ६० किंवा अधिक गुण असले, तर त्या विषयातून पुढच्या तीन प्रयत्नांसाठी सूट मिळते. नोकरी सांभाळून परीक्षा देणाऱ्यांना हा नियम उपयोगी पडतो.

१ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. मात्र इंटरमीजिएटचे दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावरच ती सुरू करता येते. फाउंडेशन आणि इंटरमीजिएट या परीक्षा २०२४ पासून वर्षातून तीनदा होतात. परीक्षेचे माध्यम इंग्रजी किंवा हिंदी आहे. शाळा मराठी माध्यमातून आणि बी.कॉम.ही मराठीत लिहिलेल्या विद्यार्थ्याने भाषेच्या तयारीसाठी वेगळा वेळ धरायला हवा.

सीए सोडून व्यावसायिक पात्रता कोणत्या?

कॉस्ट अकाउंटंट, म्हणजे सीएमए, हा कमी गुणांच्या पदवीधरासाठी सर्वांत सरळ मार्ग. ललित कला वगळता कोणत्याही शाखेच्या पदवीधराला टक्क्यांच्या अटीविना थेट इंटरमीजिएटला नाव नोंदवता येते. उत्पादन खर्च, अंदाजपत्रक, अंतर्गत नियंत्रण ही त्याची बलस्थाने असल्याने पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या कारखानदारीच्या पट्ट्यात या पात्रतेला मागणी असते. कंपनी सेक्रेटरी अभ्यासक्रमात पदवीला ५० टक्के असतील तर प्रवेश परीक्षेतून सूट मिळते. तेवढे नसतील तर प्रवेश परीक्षा देऊन आत जाता येते.

ब्रिटनची एसीसीए आणि अमेरिकेची सीएमए या पात्रतांच्या जाहिराती सध्या सर्वत्र दिसतात. अमेरिकी सीएमएचे दोन भाग असतात, प्रत्येक भागात ५०० पैकी ३६० गुणांक लागतो आणि दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. त्यासाठी पदवी हवी, मात्र ती किती टक्क्यांनी मिळाली याला महत्त्व नाही. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या भारतातील सेवा केंद्रांत या पात्रता उपयोगी ठरतात. पण कंपनी कायदा २०१३ नुसार भारतातील कंपनीच्या लेखापरीक्षण अहवालावर सनदी लेखापालच सही करू शकतो. परदेशी पात्रतेने हा अधिकार मिळत नाही. परीक्षा शुल्क आणि शिकवणी मिळून खर्च लाखांच्या घरात जातो, हेही घरच्यांशी बोलून ठरवण्याची बाब आहे.

महाराष्ट्रात सहकारी लेखापरीक्षणाची वाट काय आहे?

या वाटेची चर्चा कमी होते. राज्यात दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत आणि त्यातील निम्म्याच्या आसपास गृहनिर्माण संस्था आहेत. प्रत्येक संस्थेचे लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत व्हावे लागते. हे काम सनदी लेखापालांखेरीज ‘प्रमाणित लेखापरीक्षक’ही करू शकतात. त्यासाठी लेखाशास्त्रातील पदवी, राज्याच्या सहकार विभागाची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचे कामापुरते ज्ञान, अशी महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातील तरतूद आहे. विभागाच्या नामतालिकेत नाव आले की संस्थांची वार्षिक सभा त्या लेखापरीक्षकाची नेमणूक करू शकते.

जीएसटी प्रॅक्टिशनर हा दुसरा स्वतंत्र व्यवसायाचा मार्ग. वाणिज्य, विधि, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी असलेल्याला नोंदणीसाठी अर्ज करता येतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत पात्रता परीक्षेत ५० टक्के मिळवावे लागतात. परीक्षेत १०० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि वेळ अडीच तासांचा. नोंदणी, विवरणपत्रे, परताव्याचे अर्ज अशी कामे छोट्या दुकानदारांसाठी करता येतात.

सरकारी नोकरीतही पदवी पुरते. एमपीएससीमार्फत भरले जाणारे राज्य कर निरीक्षक हे पद किंवा कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल परीक्षेतील लेखापाल आणि साहाय्यक लेखापरीक्षण अधिकारी ही पदे, यांसाठी पदवीला किती टक्के होते यावर निवड ठरत नाही. ती स्पर्धा परीक्षेच्या गुणांवर ठरते.

नोकरीत राहून वर कसे चढता येते?

लेखा विभागातील बढतीची खरी पायरी व्हाउचर एन्ट्रीपासून ‘फायनलायझेशन’पर्यंत, म्हणजे ताळेबंद बंद करण्यापर्यंतची आहे. नोकरीच्या जाहिरातींतही ‘फायनलायझेशनपर्यंतचा अनुभव’ असे स्पष्ट लिहिलेले असते. मधल्या पायऱ्या महिन्याच्या तारखांत दडलेल्या आहेत. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी. १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार झाले की खरेदीच्या नोंदी त्याच्याशी जुळवून पाहायच्या. कोणत्या पुरवठादाराने बिल दाखवले नाही आणि त्यामुळे किती क्रेडिट अडकले, हे सांगणारा कर्मचारी मालकाचे थेट पैसे वाचवतो.

वर्ष-दोन वर्षे हे चक्र स्वतः फिरवलेल्या आणि बँक ताळमेळ, येणे-देण्याची वयवारी, साठ्याचे मूल्यांकन, घसारा ही कामे हाताळलेल्या उमेदवाराला दुसऱ्या नोकरीत टक्के क्वचितच विचारले जातात. म्हणूनच पहिली नोकरी निवडताना पगारातील दोन-तीन हजारांच्या फरकापेक्षा काम किती प्रकारचे मिळेल हे पाहणे फायद्याचे ठरते. मोठ्या कंपनीत वर्षभर फक्त बिले नोंदवण्यापेक्षा छोट्या सीए कार्यालयात दहा-पंधरा अशिलांची पुस्तके हाताळणारा लवकर तयार होतो. पुढे ‘सीए इंटर, आर्टिकलशिप पूर्ण’ एवढ्यावरही वेगळ्या वेतनश्रेणीची दारे उघडतात, अंतिम परीक्षा बाकी असली तरी.

नव्या करकायद्यांचा यात काय संबंध?

प्राप्तिकर कायदा १९६१ ची जागा घेणाऱ्या प्राप्तिकर कायदा २०२५ च्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. कलमांची संख्या ८१९ वरून ५३६ वर आली. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून मुख्यतः ५ आणि १८ टक्के असे झाले, तर मोजक्या वस्तूंवर ४० टक्के दर लागला. त्याआधी एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवणे बंधनकारक झाले आहे.

याचा परिणाम असा, की वीस वर्षांचा अनुभव असलेल्यालाही कलमांचे क्रमांक नव्याने पाठ करावे लागतात. कॉलेजात जे शिकवले आणि ज्यावर गुण मिळाले, त्यातील बराच भाग जुना झाला. जुन्या वर्षांची प्रकरणे १९६१ च्या कायद्याखालीच चालणार असल्याने काही वर्षे दोन्ही कायदे माहीत असणाऱ्यांची गरज राहील. साध्या नोंदी करण्याचे काम सॉफ्टवेअरकडे जात असताना जुळवणी, नोटिशीला उत्तर आणि नव्या तरतुदींचा अर्थ लावणे ही कामे माणसाकडे उरतात. ती नीट शिकणाऱ्या नवख्याला आणि जुन्या कर्मचाऱ्याला इथे सुरुवात जवळपास एकाच रेषेवरून करावी लागते.

मुलाखतीत गुणांविषयी काय सांगावे?

विचारले तर खरे आकडे आणि एका वाक्यात कारण. दिवसा नोकरी होती, मराठी माध्यमातून इंग्रजीत आल्यावर पहिले वर्ष जड गेले, घरात आजारपण होते, यातले जे खरे असेल ते. त्यानंतर लगेच काय शिकले आणि कोणते काम हाताळले यावर यावे. बायोडेटात ५२ चे ५५ करण्याचा मोह महागात पडतो, कारण नोकरी लागल्यावर कागदपत्रांची पडताळणी होते. ज्या क्षेत्राचे कामच आकडे खरे ठेवण्याचे, तिथे स्वतःचा आकडा खोटा निघाला तर दुसरी संधी मिळणे अवघड. श्रेणी पद्धतीत गुण मिळालेल्यांनी टक्केवारीत रूपांतर केलेले विद्यापीठाचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे, कारण रूपांतराचे सूत्र विद्यापीठागणिक वेगळे असते.

सावध कुठे राहायचे?

आधी गुणपत्रिका विषयवार वाचायला हवी. भाषा, पर्यावरण अभ्यास किंवा गणिताने टक्केवारी खाली ओढली असेल तर प्रश्न किरकोळ आहे. मात्र फायनान्शियल अकाउंटिंग, कॉस्टिंग, कर आकारणी याच विषयांत वारंवार एटीकेटी लागली असेल, तर कोणत्याही अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्याआधी सहा महिने प्रत्यक्ष काम करून आवड आणि गती तपासणे शहाणपणाचे.

दुसरा धोका प्रयत्नांच्या चक्राचा. जून २०२४ च्या सीए फाउंडेशन परीक्षेचा निकाल १४.९६ टक्के लागला. मे २०२४ च्या अंतिम परीक्षेत दोन्ही गट एकत्र देणाऱ्यांपैकी १९.८८ टक्के उत्तीर्ण झाले. कॉलेजात ८० टक्के मिळवलेलेही यात नापास होतात. तेव्हा ५५ टक्क्यांचे दार चुकवून आलेल्या विद्यार्थ्याने हे गणित आधीच मांडायला हवे. नोकरी सोडून चार वर्षे घरी अभ्यास केला आणि निकाल आला नाही, तर बायोडेटावर कमी गुणांपेक्षा ती रिकामी वर्षे जास्त खुपतात. किती प्रयत्न करायचे, कोणत्या तारखेनंतर सीएमए, जी.डी.सी. अँड ए. किंवा पूर्णवेळ नोकरीकडे वळायचे, हे नाव नोंदवतानाच घरच्यांसमोर ठरवलेले बरे. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या अल्पमुदतीच्या वर्गांकडे ती हमी लेखी मागावी आणि मागच्या तुकडीतील दोन-तीन जणांशी बोलल्याशिवाय पैसे भरू नयेत.