‘थोडंसं खाल्लं तर काय होतंय’ हे आता बंद करा!

सर्व मंडळं, सोसायट्या, शाळा आणि पालकांना जाहीर आवाहन

आषाढी एकादशीला आपल्याच भागातल्या एका शाळेत खिचडी वाटली. दुसरीतल्या मुलीने वाढणाऱ्या ताईंना सांगितलं, “मला दाणे चालत नाहीत.” ताईंनी दिसतील तेवढे दाणे वेचले आणि बशी तिच्या हातात दिली. दाण्याचं कूट साबुदाण्याला लागलेलंच होतं. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या, आवाज घोगरा झाला. जवळच्या दवाखान्यात अ‍ॅव्हिल टोचून “बसवून ठेवा, उतरेल” म्हणाले. उतरलं नाही. मोठ्या रुग्णालयात अ‍ॅड्रेनॅलिन मिळालं आणि पोर वाचली.

या मुलीच्या आईने तिच्या शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीबद्दल जूनमध्येच शाळेला लेखी कळवलं होतं. तो अर्ज फाइलला लागला, स्वयंपाकघरापर्यंत पोचलाच नाही. आमचा संताप आहे तो याचा!

“आमच्या वेळी असली थेरं नव्हती,” असं अजूनही ऐकवलं जातं. श्वास कोंडलेल्या लेकराच्या उशाशी बसून हे म्हणून दाखवा. आणि ‘सवय व्हावी’ म्हणून आईच्या नकळत लाडू भरवणारे काका-आजी यांना स्पष्ट सांगतो, हा जिवाशी खेळ आहे. अ‍ॅलर्जी असलेल्याला तो पदार्थ थोडा थोडा देणं हा तज्ज्ञाच्या देखरेखीखालचा उपचार आहे, पंगतीत करायचा प्रयोग नव्हे. तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘लीप’ अभ्यासात, जास्त धोका असलेल्या बाळांना वर्षाच्या आतच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिल्यावर पुढे ही अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. पण बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अख्खा दाणा तर कुणालाच नको, घशात अडकतो.

आपल्याकडे दाणा कुठे नसतो? कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, भगरीसोबतच्या आमटीत, ठेच्यात. पाकिटबंद पदार्थांवर शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, सोया, गहू यांची नोंद अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) 2020 च्या नियमांनी सक्तीची केली आहे. त्या यादीत तीळ नाहीत! लंडनची पंधरा वर्षांची नताशा एडनान-लापेरूज 2016 मध्ये सँडविचच्या पावातल्या तिळाने गेली. तिच्या आईवडिलांनी लढून ब्रिटनचा कायदा बदलून घेतला. आणि संक्रांतीला घरोघर तीळ वाटणारे आपण? पातेल्यातल्या प्रसादाला तर लेबलच नसतं.

म्हणून, आता श्रावण, गणपती, नवरात्र येण्याआधी एवढं कराच. प्रत्येक पातेल्यासमोर आत काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहा. दाण्याचा डाव वेगळा ठेवा, तोच दुसरीकडे बुडवू नका. वर्गशिक्षक, मावशी आणि स्वयंपाकी, तिघांकडेही अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांची यादी हवी. जवळच्या डॉक्टरांकडे अ‍ॅड्रेनॅलिन आहे का, आजच विचारा. ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि स्वस्त आहे, नसण्याला सबब नाही.

खाल्ल्यानंतर श्वास लागला, आवाज बसला, चक्कर आली किंवा गांधींसोबत उलट्या सुरू झाल्या, तर अ‍ॅड्रेनॅलिन लगेच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. अ‍ॅव्हिल-सेट्रिझिनने खाज थांबते, जीव वाचत नाही. 108 ला फोन करा. मुलाला आडवं करून पाय उंच ठेवा, चालवू नका. दम लागत असेल तर बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. बरं वाटलं म्हणून लगेच घरी नेऊ नका, काही तासांनी त्रास उलटू शकतो.

आमच्या पालकगटाने वर्गणी न मागता, पदरमोड करून शाळाशाळांत हे प्रशिक्षण दिलं आहे. ज्यांनी दार उघडलं त्यांचे आभार. ज्यांनी “वेळ नाही” म्हटलं, त्यांच्या दारात आम्ही पुन्हा येणार आहोत. येत्या रविवारी सकाळी दहाला सार्वजनिक वाचनालयात बैठक आहे. मंडळांच्या अध्यक्षांनी एकट्याने येऊ नये, स्वयंपाक करणाऱ्यांना आणि वाढप्यांना सोबत आणावं.