इंजिन तापतं, पण नेमकं कुठे?

बंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात सकाळच्या गर्दीत एखादी पिकअप बोनेट उघडून उभी असली, तर जाणारा-येणारा वळूनही बघत नाही. मागे भाजीचे क्रेट, पुढे वाफ सोडणारा रेडिएटर आणि पाण्याची बाटली घेऊन हताश उभा असलेला ड्रायव्हर! भोवती जमलेले चौघे चार निदानं करतात. एक म्हणतो पाणी संपलं, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट काढून फेक, तिसरा नवा रेडिएटरच घ्यायला सांगतो. गॅरेजात दोन-तीन भाग बदलले जातात, दिवसाची कमाई जाते आणि दोन दिवसांनी गाडी त्याच चौकात पुन्हा तापते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

वास्तविक या रस्त्यानेच निदानाची सोय करून ठेवली आहे. सिल्क बोर्डहून इलेक्ट्रॉनिक सिटीला जायला एकावर एक असे दोन रस्ते आहेत. खाली रखडत चालणारा जुना होसूर रोड आणि त्याच्या डोक्यावर जानेवारी 2010 मध्ये सुरू झालेला, सुमारे 10 किलोमीटरचा टोलचा उड्डाणमार्ग. गाडी तीच, माल तोच, ऊनही तेच. फरक फक्त वेगाचा. तेव्हा गाडी खाली तापते की वर, एवढं लक्षात ठेवलं तरी मेकॅनिकचं अर्धं काम होतं.

खालच्या रस्त्यावर तापणारी आणि वर चढताच शांत होणारी गाडी बहुधा फॅनची तक्रार सांगत असते. वेगात असताना समोरचा वारा आपसूक रेडिएटरमधून जातो. रखडताना तो ओढायला फॅनच लागतो. पट्टा सैल असेल तर फॅन नुसता फिरल्यासारखा करतो. बऱ्याच पिकअपमध्ये फॅनच्या मधोमध सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. इंजिन तापलं की तो फॅनला घट्ट धरतो. गरम इंजिन बंद करून फॅन हाताने फिरवावा. अजिबात अडथळा न होता तो गरगर फिरत राहिला, तर क्लच गेला समजावं. रेडिएटरला हात लावायचीही गरज नाही.

वर, मोकळ्या रस्त्यावर, भरल्या मालासह काटा चढत असेल तर गोष्ट वेगळी. कोल्हापूर-बेळगावकडून येणारी गाडी तुमकूर रोड सोडून नाइस रोडने इलेक्ट्रॉनिक सिटीत उतरते, तिचंही असंच. तिथे वाऱ्याला तोटा नाही, म्हणजे अडचण पाण्याच्या वाटेत आहे. रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या असतील, वॉटर पंप थकला असेल किंवा खालचा होज पाईप आत ओढला जाऊन चपटा होत असेल. जाळीत चिखल-किडे अडकले असतील तर आधी ते धुवावेत. नळ्या बुजण्यात बोअरच्या जड पाण्याचा मोठा हात असतो. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच इथेही बसतो. म्हणून कूलंटमध्ये बोअरचं पाणी ओतणं ही बचत नव्हे.

तिसरी तऱ्हा म्हणजे घरून निघाल्यावर पाच-सात मिनिटांतच तापणारी गाडी. वरचा पाईप चटका देणारा आणि खालचा गार असेल, तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. तो बदलावा, काढून टाकू नये. तो काढल्यावर काही इंजिनांत गरम पाणी रेडिएटर टाळून आतल्या आतच फिरतं, आणि थंड राहणारं इंजिन डिझेल जास्त पितं ते वेगळंच.

पाणी रोज कमी होतं पण गळती कुठेच दिसत नाही, ही सर्वांत वाईट खूण. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं किंवा गार इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि गाडी टोइंग करूनच न्यावी. माल पोचवायच्या घाईत तशीच दामटली तर हेड वाकतं, आणि मग खर्च हजारांत मोजावा लागतो. आणखी एक फसवणूक आहे. चढलेला काटा एकाएकी खाली आला की ड्रायव्हरला हायसं वाटतं; पण पाणी पूर्ण संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलू लागतो.

रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच, त्यामुळे तिथे उघड्या भांड्यातलं पाणी 97 अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाच्या दाबामुळे हा आकडा सुमारे 20 अंशांनी वर जातो. झाकणाचं रबर फाटलं की दाब टिकत नाही आणि निरोगी इंजिनातलं पाणीही उकळून बाहेर येतं. सर्वांत स्वस्त भाग, पण बहुतेकदा तोच सर्वांत शेवटी बदलला जातो! आणि कुकरसारखंच, गरम असताना ते उघडायचं नाही. उसळलेल्या पाण्याने तोंड-हात भाजतात. गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावं आणि किमान अर्धा तास थांबावं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो.

काढलेला थर्मोस्टॅट खरंच बिघडला होता का, हे घरी तपासता येतं. तो दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवावा, तळाला टेकू देऊ नये, आणि पाणी तापवावं. सोबत थर्मामीटर हवा, पण तापाचा नव्हे. तो 42 अंशांनंतर निरुपयोगी. थर्मोस्टॅटवर कोरलेला आकडा, समजा 82, आला की झडप हळूहळू उघडताना दिसते. पातेलं मात्र जुनं घ्यावं आणि त्यात पुन्हा चहा करू नये.